गेमचं कव्हर : शितावरून भाताची परीक्षा!

आपल्याकडे गेम बनवणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढतेच आहे. कुणी युनिटी शिकतं, कुणी गोडो. रात्र रात्र जागून कोड डीबग होतो, होस्टेलच्या रूमवर बीटा टेस्टिंग चालतं. आणि मग गेम स्टोअरवर टाकायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं, "अरे, कव्हर राहिलं!" मग एक स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर मोठ्या अक्षरात नाव टाइप करायचं, की झालं कव्हर तयार! जर्नलचं शेवटचं पान भरतात तसंच.

खरी गंमत (की दुःख?) इथेच आहे. स्टीमवर एक गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात. ते चौघा मित्रांनी पॉकेटमनीतून जमवलेले असतात. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले, म्हणजे रोजचे जवळजवळ पन्नास! या गर्दीत तुमचा कोड किती सुंदर आहे हे कुणीही बघत नाही. लोक बघतात एक छोटंसं चित्र आणि ठरवतात, क्लिक करायचं की पुढे जायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. वर्षभर शिजवलेला भात आणि शीत मात्र कच्चं, असं आपलं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास

१९७७ साली अटारी कंपनीने व्हीसीएस नावाचा कन्सोल बाजारात आणला. तोच पुढे '२६००' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची रॅम होती फक्त १२८ बाइट! आज युनिकोडमध्ये टाइप केलेलं हे वाक्यसुद्धा तिच्यात मावणार नाही. त्यामुळे पडद्यावर दिसायचे ते ठोकळे. 'अ‍ॅडव्हेंचर' नावाच्या गेममध्ये तर हिरो म्हणजे चक्क एक चौकोन होता. पण खोक्यावर मात्र क्लिफ स्पॉनसारख्या चित्रकारांनी रंगवलेली झकास चित्रं असायची. गेममध्ये जे दाखवता येत नव्हतं त्याची कल्पना करायला ते चित्र मदत करायचं.

तेव्हा गिऱ्हाईक दुकानात जायचं, खोकं हातात घ्यायचं, उलटून मागचं वाचायचं. चित्रात बारकावे असले तरी चालायचं, कारण बघायला वेळ होता. आता दुकान मोबाइलमध्ये आलं, शेल्फ अंगठ्याने सरकायला लागलं आणि खोकं झालं पोस्टाच्या तिकिटाएवढं. आपल्या विषयाचा सगळा गाभा या एका बदलात आहे.

आकडे काय सांगतात?

स्टीमवर कव्हरला 'कॅप्सूल' म्हणतात. एकच कव्हर देऊन भागत नाही, वेगवेगळ्या मापांत द्यावं लागतं. मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६ पिक्सेलचं, हेडर ९२० × ४३०, उभं ७४८ × ८९६ आणि छोटं ४६२ × १७४. या छोट्या कॅप्सूलपासून स्टीम आपणहून आणखी दोन लहान चित्रं बनवतं. त्यातलं सर्वांत लहान असतं १२० × ४५ पिक्सेलचं.

आता गुणाकार करा. मुख्य कॅप्सूलमध्ये ८,६९,७९२ पिक्सेल आहेत आणि सर्वांत लहानात फक्त ५,४००. म्हणजे सुमारे १६० पट फरक! आपण काम करतो मोठ्या मॉनिटरवर मोठं चित्र उघडून, आणि सर्च करणाऱ्या माणसाला बऱ्याच वेळा दिसतं ते हे बारकं.

चित्र लहान करताना नेमकं काय होतं? आजूबाजूच्या बऱ्याच पिक्सेलची सरासरी काढून एक पिक्सेल बनतो. ४६२ चे १२० केले की साधारण १५ पिक्सेलचा एक होतो. सिग्नल्सच्या लेक्चरला जे जागे होते त्यांना नायक्विस्ट आठवेल : एक पट्टा टिकवायचा तर त्याच्या प्रत्येक आवर्तनाला निदान दोन सॅम्पल लागतात. मोठ्या चित्रात ३ पिक्सेल जाडीची असलेली रेघ लहान चित्रात एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते, म्हणजे ती काळी न राहता राखाडी धुरकट डाग बनते. नायकाच्या शर्टाची बटणं, झाडाची पानं, नावाखालची ओळ, सगळं त्या डागात जमा!

म्हणून पहिला नियम : आधी लहान चित्र काढा, मग मोठं. कागदावर रुपयाच्या नाण्याएवढ्या पाच-सहा चौकटी आखा आणि त्यातच पेन्सिलीने कल्पना उतरवा. जे नाण्याएवढ्या जागेत कळत नाही ते पडद्यावरही कळणार नाही.

एक चित्र, एकच गोष्ट

समजण्यासाठी आपण एक काल्पनिक गेम घेऊ. नाव 'कैरीचोर'. बेचकीने नेम धरून वाडीतल्या कैऱ्या पाडायच्या आणि राखणदार यायच्या आत पळायचं. प्रोजेक्टाइल मोशन फर्स्ट इयरला झालंच आहे, त्यामुळे फिजिक्सचा प्रश्न नाही. प्रश्न आहे कव्हरचा.

पहिली कल्पना जी कुणालाही सुचेल ती अशी : मोठं आंब्याचं झाड, त्याला दहा-बारा कैऱ्या, खाली तीन मुलं, मागे काठी घेतलेला राखणदार, त्याचा कुत्रा, एक विहीर आणि डोंगरामागे सूर्य. गेममध्ये जे जे आहे ते सगळं! चित्र म्हणून छान. कव्हर म्हणून नापास. हिरव्या पानांत हिरव्या कैऱ्या दिसणारच नाहीत आणि माणसं मुंगीएवढी होतील.

दुसरी कल्पना : चौकटीच्या एका बाजूला मुलाचा मोठा चेहरा, एक डोळा मिटलेला, ताणलेली बेचकी आपल्याच दिशेने आणि समोर लोंबणारी एकच टप्पोरी कैरी. मागे संध्याकाळचं पिवळंधमक आकाश. कोपऱ्यात राखणदाराची फक्त काठीसकट सावली. इथे काय करायचं हे कळलं (नेम धरायचा), कशासाठी हे कळलं (कैरी) आणि धोका काय तेही कळलं (सावली). मुलाची नजर कैरीकडे आहे, त्यामुळे आपली नजरही आपोआप तिथेच जाते.

कॅज्युअल गेमच्या कव्हरने खरं तर दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. एक, मी इथे काय करणार? दोन, मला कसं वाटणार? कारण हा गेम खेळणारा माणूस लोकलमध्ये उभा असतो, नाहीतर कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत असतो. त्याला गोष्टीतल्या राजघराण्यांचा इतिहास नको आहे, पाच मिनिटांची मजा हवी आहे.

यशस्वी गेम काय करतात?

२००९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'अँग्री बर्ड्‌स'चा आयकॉन आठवा. लाल पक्ष्याचा चेहरा आणि रागावलेल्या भुवया. बस्स! बेचकी नाही, डुकरं नाहीत, लाकडी किल्ले नाहीत. तरी 'अँग्री'ही कळलं आणि 'बर्ड'ही. २०१० च्या 'कट द रोप'ने ओम नोम नावाच्या हिरव्या खादाड प्राण्याचा चेहरा पुढे केला. माणसाचं लक्ष चेहऱ्याकडे, त्यातही डोळ्यांकडे, पटकन जातं आणि डोळे-भुवया फार कमी पिक्सेलमध्ये भावना सांगू शकतात. आपण चॅटमध्ये स्माइली पाठवतो त्यामागेही हेच आहे.

पण चेहरा पाहिजेच असं नाही. २०१४ साली आलेल्या '२०४८'मध्ये पात्रच नाही, तिथे आकडा हीच ओळख. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीच्या २०१६ सालच्या 'लुडो किंग'ला तर एक आयता फायदा होता. लुडोचे चार रंग आपल्याकडे पोराटोरांना तोंडपाठ, त्यामुळे खेळ काय आहे हे सांगावंच लागत नाही. आपल्या नव्या गेमला अशी आयती ओळख नसते, म्हणून आपल्याला जास्त विचार करावा लागतो.

'सबवे सर्फर्स'ची युक्ती आणखी वेगळी. २०१३ पासून त्यांची वर्ल्ड टूर चालू आहे. गेम या शहरातून त्या शहरात फिरतो (आपली मुंबईसुद्धा येऊन गेली!) आणि शहराबरोबर चित्रंही बदलतात. पण रंगांची आणि रेषांची शैली तीच राहते. त्यामुळे कपडे बदलले तरी मित्र ओळखू येतो तसा गेम ओळखू येतो.

रंग : डोळ्यांचं गणित

"रंग भडक घे, म्हणजे उठून दिसेल" असा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच बरोबर आहे. उठून दिसणं हे रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या फरकावर जास्त अवलंबून असतं. संगणकाच्या पडद्यासाठी उजळपणा काढायचं सूत्र असं आहे : लाल गुणिले ०.२१२६, अधिक हिरवा गुणिले ०.७१५२, अधिक निळा गुणिले ०.०७२२. म्हणजे आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत काळोखा.

दोन रंगांमधला कॉन्ट्रास्ट काढताना दोघांच्या उजळपणात ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागतात. वेब पेजवरच्या साध्या मजकुरासाठी हा आकडा निदान ४.५ असावा असं मानतात. आता बघा :

- गडद निळ्यावर नव्हे, शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल : सुमारे २.१. दोन्ही भडक, तरी वाचताना डोळे दुखतात!
- लालवर पांढरा : सुमारे ४.
- निळ्यावर पिवळा : सुमारे ८.
- काळ्यावर पिवळा : १९ च्या वर. मुंबईची काळी-पिवळी लांबून का दिसते, कळलं?
- पांढऱ्यावर पिवळा : जेमतेम १.०७. म्हणजे नसल्यासारखंच.

रोज भागाकार करत बसायची गरज नाही. चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. त्यातही मुख्य वस्तू वेगळी दिसली तर रंग बरोबर आहेत. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांचीही सोय आपोआप होते. 'कैरीचोर'मध्ये आकाश पिवळं घेतलं ते उगीच नाही. हिरव्या पानांपुढे हरवलेली कैरी उजळ पिवळ्यापुढे गडद होऊन उठते.

आणि हो, चित्राच्या बाहेर काय आहे तेही लक्षात घ्या. स्टीमचं पान गडद निळसर आहे. तुमच्या कव्हरच्या कडा काळ्या असतील तर चित्र कुठे संपतं तेच कळत नाही. गुगल प्लेचं पान बऱ्याच जणांकडे पांढरं असतं, तिथे उलट अडचण.

नाव वाचता यायला हवं

छोट्या कॅप्सूलमध्ये स्टीमचा स्वतःचा सल्ला असा की गेमच्या नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापावी. इथेही साधा भागाकार करा. १२० पिक्सेल रुंदीत २० अक्षरांचं नाव एका ओळीत लिहिलं तर एका अक्षराला मिळाले ६ पिक्सेल, तेही मधली मोकळी जागा धरून! म्हणून नाव लहान ठेवा, नाहीतर दोन ओळींत मांडा. अक्षरं जाड हवीत, भोवती गडद कड हवी आणि नावामागे गिचमीड नको. कॉम्प्युटरमधला तयार फॉन्ट जसाच्या तसा टाकण्यापेक्षा अक्षरं काढून घेतलेली बरी. फॉन्ट वापरलाच तर त्याचं लायसन्स व्यावसायिक वापराला चालतं का तेही बघा.

मराठी नाव द्यायचं असेल तर आणखी एक पेच आहे, ज्याबद्दल इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये काही सापडत नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षर दिलेली सगळी उंची वापरतं. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार. 'विटीदांडू' हे नाव घ्या. वरही पसारा आणि खालीही. मग मधल्या अक्षरांना उरते निम्मीशिम्मी उंची. त्यात जोडाक्षर आलं तर विचारूच नका! 'कैरीचोर'मध्ये निदान खालची जागा वाचते.

पण हीच अडचण संधी पण आहे. शिरोरेखा म्हणजे आयती आडवी फांदी! तिला झाडाच्या फांदीसारखं काढा आणि तिच्यावरून अक्षरं कैऱ्यांसारखी लोंबू द्या. 'कै'वरच्या दोन मात्रांची दोन पानं करा. इंग्रजी लोगोला हे जमणार नाही. गुगल प्लेवर मराठीतून वेगळं पान आणि वेगळी चित्रंसुद्धा ठेवता येतात, म्हणून देवनागरी लोगो करून ठेवणं फुकट जात नाही.

दुकानदाराचे नियम

स्वतःच्या मनाने काहीही चिकटवता येत नाही. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. 'अमुक मासिकाने १० पैकी ९ दिले', 'पुरस्कार विजेता', '५० टक्के सूट' असलं काही चालत नाही. गुगल प्लेनेही २०२१ पासून आयकॉनवर 'नंबर १', 'बेस्ट', 'फ्री' अशा जाहिराती बंद केल्या.

गुगल प्लेला आयकॉन ५१२ × ५१२ चा आणि फीचर ग्राफिक १०२४ × ५०० चं लागतं. अ‍ॅपलला आयकॉन १०२४ × १०२४ चा. आयकॉनचे कोपरे दोन्ही स्टोअर स्वतःच गोल करतात, आपण गोल करून पाठवू नये आणि कोपऱ्यात महत्त्वाचं काही ठेवू नये. फीचर ग्राफिकला व्हिडिओ जोडला की मधोमध प्लेचं बटण येतं, म्हणून तिथे नायकाचं नाक येणार नाही याची काळजी घ्या! स्टीमच्या लायब्ररीसाठी ३८४० × १२४० चं रुंद चित्र लागतं, त्यावर अक्षरं चालत नाहीत. लोगो वेगळा, पारदर्शक बॅकग्राउंडचा द्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून नायक, बॅकग्राउंड आणि लोगो वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. नाहीतर प्रत्येक मापासाठी सगळं पुन्हा काढायची वेळ येते.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कव्हर आकर्षक करता करता खोटं होऊ लागलं तर?

प्लेरिक्स कंपनीच्या 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या गेमच्या जाहिरातींमध्ये खिळे ओढून कोडं सोडवायचा खेळ दाखवला होता. प्रत्यक्षात गेम मुख्यतः एकसारख्या तीन गोष्टी जुळवण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने अशा दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या. मोठ्या कंपनीला हे झेपून जातं. आपल्यासारख्यांना नाही.

कारण खोटं कव्हर क्लिक मिळवून देतं, पण माणूस थांबत नाही. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. शांत कोड्याच्या गेमवर तुम्ही तलवारी आणि आग रंगवलीत, तर मारामारी शोधणारे येतील, वैतागतील, पैसे परत घेतील आणि वर वाईट रिव्ह्यू लिहून जातील. आणि ज्याला शांत कोडं हवं होतं तो कव्हर बघूनच पुढे गेला! म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. अटारीच्या काळातलं चित्र कल्पनेला मदत करत होतं, पण रणगाड्यांच्या खोक्यात रणगाड्यांचाच गेम होता. कव्हरने गेम सजवावा, बदलू नये.

चाचणी कशी घ्यायची?

घरगुती चाचणी सोपी आहे. दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं छोटं कव्हर चिकटवा आणि ज्याने गेम पाहिलेला नाही अशा कुणाला तरी दोन सेकंद दाखवून विचारा, "कसला गेम आहे?" "छान आहे" हे उत्तर नव्हे! रूममेटला विचारू नका, त्याला सगळं आधीच माहीत असतं. आई किंवा कॅन्टीनवाले काका जास्त उपयोगी.

गुगल प्लेवर २०१५ पासून खरी चाचणी घ्यायची सोय आहे. काही लोकांना एक आयकॉन दिसतो, काहींना दुसरा. पण इथे एम-थ्री विसरू नका. समजा पहिलं कव्हर १००० जणांनी पाहिलं आणि ३० जणांनी क्लिक केलं, दुसरं १००० पैकी ३५ जणांनी. दुसरं जिंकलं? अजिबात नाही! या दोन दरांत फरक आहे ०.५ टक्क्याचा आणि त्या फरकाची स्टँडर्ड एरर येते सुमारे ०.८ टक्के. म्हणजे हा नुसता योगायोग असू शकतो. तेच दर प्रत्येकी १०,००० जणांमध्ये टिकले तर एरर ०.२५ टक्क्यावर येते आणि मग कुठे थोडा भरवसा ठेवता येतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रंग, चेहरा, लोगो सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कसं कळणार?

काढायचं कुणी?

आपल्यातल्या बहुतेकांचं चित्रकलेशी नातं इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटपुरतं. म्हणून अप्लाइड आर्टला असलेल्या मित्र-मैत्रिणीला विचारा, पण "पाच मिनिटांचं काम आहे गं" असं म्हणून नव्हे. तो तिचा विषय आहे, त्याचे पैसे किंवा निदान श्रेय द्या. तिला एक पानभर लिहून द्या : गेममध्ये काय करायचं, खेळताना कसं वाटायला हवं, मापं कोणती, आणि ज्यांच्या शेजारी आपलं कव्हर बसणार अशा पाच-सहा गेमची चित्रं.

एआयकडून चित्र काढून घ्यायचा मोह होईलच. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर एआयचा वापर केला असेल तर तो जाहीर करावा लागतो, हे लक्षात ठेवा. शिवाय तशा चित्रांचा चकचकीतपणा इतका एकसारखा झाला आहे की गर्दीत वेगळं दिसण्याचा मूळ हेतूच बाजूला राहतो.

जाता जाता

कव्हर अपलोड करण्याआधी एवढं तपासा :

१) १२० पिक्सेल रुंदीला नाव वाचता येतं का?
२) ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मुख्य वस्तू दिसते का?
३) काय करायचं हे अनोळखी माणसाला दोन सेकंदांत कळतं का?
४) स्टोअरच्या नियमांत बसतं का?
५) गेम उघडल्यावर कव्हरवरचीच मजा सापडते का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर बिनधास्त टाका. आणि वेळापत्रक आखताना कव्हरला शेवटची रात्र देऊ नका. प्रोजेक्टच्या मधल्या रिव्ह्यूच्या सुमारासच नाण्याएवढ्या चौकटी काढायला घ्या. एक फायदा असाही होतो : गेमची एक गोष्ट एका चौकटीत सांगताच येत नसेल, तर कदाचित गेममध्येच दहा गोष्टींची खिचडी झालेली असते. ती तेव्हाच कळली तर सुधारायला वेळ हाताशी असतो!